सात फोटॉन आणि न लागलेली दुरुस्ती

राव्या,

तुझ्या निधनाची बातमी आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानावर खालच्या डाव्या कोपऱ्यात आली, एका कॉलमात, फोटोसह. नाव, वय, गाव, मागे कोण आहे, अंत्यविधी कुठे झाला, हे सगळं बरोबर आहे. पहिल्या वाक्यात मात्र दोन चुका आहेत. 'नव्या ताऱ्याचा शोध लावणारे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक' असं ते वाक्य सुरू होतं. तो तारा नव्हता. आणि तू त्याचा शोध लावला नव्हतास.

ही बातमी मी लिहिलेली नाही. ती लिहिली जात होती तेव्हा मी प्रवरेच्या काठी, तुझ्या चितेपासून वीसेक फुटांवर उभा होतो. डेस्कवरच्या उपसंपादकाने नेहमीची पद्धत पाळली. संगणकात तुझं नाव टाकलं, जुनी बातमी काढली, तिच्यातून दोन ओळी उचलल्या. ती जुनी बातमी सहा वर्षांपूर्वीची, पहिल्या पानावरची, माझ्या नावाने छापलेली. उपसंपादकाच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. म्हणून चुका माझ्या आहेत.

आता तुला हे कळवून काही होणार नाही. तू माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितलीस, तीन ओळींची दुरुस्ती. ती मी लावली नाही. ती का लागली नाही आणि आता का लागणार नाही, एवढंच या मजकुरात आहे.

तू नेमकं काय करत होतास, ते आधी लिहितो. त्या बातमीत ते नव्हतं.

पृथ्वीभोवती फिरणारी एक दुर्बीण गॅमा किरणांचे फोटॉन एकेक करून टिपते. प्रत्येक फोटॉनची वेळ, ऊर्जा आणि आलेली दिशा नोंदली जाते आणि ती नोंद जगातल्या कुणालाही फुकट मिळते. नेवाशाच्या कॉलेजातल्या तुझ्या प्रयोगशाळेलाही मिळत होती. अडचण दिशेची. जास्त ऊर्जेचा फोटॉन असेल तर तो चंद्राच्या बिंबाएवढ्या जागेतून आला असं म्हणता येतं. कमी ऊर्जेचा असेल तर त्याची दिशा इतकी पसरलेली असते की तेवढ्या आकाशात दहा-बारा चंद्र शेजारी शेजारी बसतील. त्या जागेत दोन-तीन दीर्घिका असतात, एखादा मेलेला तारा असतो आणि सगळीकडून सारखा येणारा उजेडही असतो. मग हा एक फोटॉन कुणाचा?

हे तुझं सॉफ्टवेअर सांगत असे. तू त्याला त्या भागातल्या सगळ्या स्रोतांची यादी द्यायचास. कोण कुठे आहे, कोण किती तेजस्वी आहे, कोण कुठल्या ऊर्जेचे फोटॉन जास्त पाठवतो. ते आधी सगळ्या यादीचा मेळ घालायचं आणि मग प्रत्येक फोटॉनपुढे आकडे लिहायचं. हा इतका याचा, इतका त्याचा, इतका पार्श्वभूमीचा. सगळ्यांची बेरीज एक.

मला हे तू प्रयोगशाळेत समजावलंस तेव्हा कळलं नाही. आपण बीएस्सीला एका बाकावर होतो, पण मी नंतर वर्तमानपत्रात गेलो आणि गणित विसरलो. ते मला घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कळलं.

तुझे वडील, आबा, त्या बाजारातले जुने हेडी. गाय-म्हशींची खरेदी-विक्री जुळवून देणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. एका बाजाराच्या दिवशी तू मला मुद्दाम घेऊन गेलास. एका म्हशीपाशी थांबलास.

"आबा, ही कुठली?"

आबांनी शिंगं पाहिली, खूर उचलून पाहिला, पाठीवरून उलटा हात फिरवला.

"बारा आणे शेवगावकडची. चार आणे पैठणची."

"राहुरीची नसंल?"

"राहुरीला आशी शिंगं न्हाईत. एक पैसाबी न्हाई."

"पण मालक म्हनतोय घरचीच हाय. सोनईची."

"मालक सोळा आणे बोलतोय," आबा म्हणाले, "मंजी लबाड हाय."

मालक तिथेच उभा होता. तोही हसला.

तू माझ्याकडे वळलास. "झालं, शऱ्या. हेच माझं सॉफ्टवेअर. आबांना वीज लागत नाही एवढाच फरक."

मी पत्रकारासारखा प्रश्न विचारला. म्हटलं, आबा, जनावर तुम्हाला माहीतच नसलेल्या गावचं असेल तर?

आबांनी थोडा विचार केला. "मंग त्ये सोळा आणे माज्याच गावांत वाटलं जानार. ठावं न्हाई त्या गावाला मी आणे कुठनं देऊ?"

तू तेव्हा हसला नाहीस. "इथंच सगळं अडतं," एवढंच म्हणालास.

परतताना फाट्यावर चहा घेतला. आपला कायमचा वाद तिथे सुरू झाला आणि तुझ्या मरणापर्यंत संपला नाही. तो जसाच्या तसा लिहितो.

"फोटॉन शेवटी एकाच ठिकाणाहून निघालेला असतो ना?" मी म्हणालो.

"एकाच."

"मग ज्याचा वाटा जास्त, त्याचा म्हणून मोकळा हो."

"मोकळा होईन. पण उरलेला वाटा कुणाच्या दारात टाकू?"

"वाचकाला उत्तर लागतं, राव्या."

"वाचकाला का तुला?"

"मला तर लागतंच. पोलीस ठाण्यात जाऊन मी विचारू का, चोर किती टक्के सापडला?"

"विचारून बघ एकदा," तू म्हणालास. "चार निरपराध सुटतील."

चहाचे पैसे तू दिलेस, कारण वादात तू हरलास असं मी जाहीर केलं होतं.

त्यानंतर दीडेक वर्षाने तू फोन केलास. आवाजात नेहमीपेक्षा थोडी घाई होती. प्रॅक्टिकल संपल्यावर प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसून तू आकाशाच्या एका कोपऱ्यावर काम करत होतास. त्या कोपऱ्यात एक दूरची दीर्घिका आहे. रेडिओ दुर्बिणींना ती माहीत आहे, पण गॅमा किरणांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. तुझ्या हिशेबाने दहा वर्षांच्या नोंदींत जास्त ऊर्जेचे सात फोटॉन तिच्या दिशेने आले होते आणि सातही जणांपुढे तिचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर दिसत होता.

मी दुसऱ्या दिवशी आलो. लॅपटॉप तापू नये म्हणून तू त्याच्याखाली दोन डस्टर ठेवले होतेस. मला त्या सात ओळी दाखवल्यास. त्या वेळी तू जे बोललास ते माझ्या वहीत आहे. वही माझ्यासमोर आहे. 'बहुधा' हा शब्द तिच्यात नऊ वेळा येतो. 'उमेदवार' चार वेळा. मी विचारलं, उमेदवार म्हणजे काय लिहू? तू म्हणालास, "निवडणुकीला उभी आहे. आमदार झालेली नाही. एवढं लिही, नगर जिल्ह्यात सगळ्यांना कळेल."

हे वाक्य मी बातमीत घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. छापलेल्या बातमीत 'बहुधा' एकदाही नाही. पानाचे प्रमुख म्हणाले, दीर्घिका कुणाला कळणार, तारा घे. मी घेतला. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे, ताऱ्यातला आणि दीर्घिकेतला फरक मला माहीत आहे. 'नेवाशाच्या प्राध्यापकाने शोधला नवा तारा' हा मथळा माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

चौथ्या दिवशी संस्थेने तुझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण. तू बोलायला उभा राहिलास आणि म्हणालास, "अजून नक्की काही नाही, बातमीत थोडं…" अध्यक्षांनी शेजारचा माईक ओढला. "सर फार विनयशील आहेत," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. तू खाली बसलास. मी पहिल्या रांगेत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी वहीत पाहिलं.

बातमीनंतर अकराव्या दिवशी तुझा फोन आला.

"शऱ्या, घोळ झालाय."

"कसला?"

"एक शेजारी झाकलेला राहिला."

मला समजायला वेळ लागला. तुझ्या दीर्घिकेपासून चंद्राच्या बिंबाएवढ्या अंतरावर दुसरा एक स्रोत होता. मंद, पण माहितीतला, यादीतला. पहिल्यांदा मेळ बसेना, आकडे स्थिर होईनात, तेव्हा तू तो शेजारी तात्पुरता बंद केलास. यादीतल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना खुणा टाकल्या की सॉफ्टवेअर ती ओळ वाचत नाही. असं सगळेच करतात, तू म्हणालास. आधी बाकीचं बसवायचं, मग बंद केलेला उघडायचा. तू उघडायला विसरलास. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो शेजारी जगातच नव्हता. त्याचे फोटॉन यादीतल्या इतरांना वाटले गेले आणि सगळ्यांत जवळ तुझी उमेदवार उभी होती.

चूक दुसऱ्या कुणी दाखवली नाही. पुण्याच्या ज्या शास्त्रज्ञांना तू मसुदा पाठवणार होतास, त्यांनी तो पाहिलाही नव्हता. पाठवण्याआधी यादी शेवटची एकदा वाचायची म्हणून तू वाचलीस आणि त्या खुणा दिसल्या. ओळ उघडून पुन्हा चालवलंस. सातपैकी पाच फोटॉन शेजाऱ्याकडे झुकले. उरलेल्या दोघांपुढे तुझ्या दीर्घिकेचा वाटा निम्म्याच्या आसपास आला. दोन फोटॉनांच्या अर्ध्या वाट्यावर शोध उभा राहत नाही. मसुदा तू मागे घेतलास. ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांनाही तसं पत्र लिहिलंस. त्यांचं उत्तर आलं, 'रावसाहेब, काळजी नसावी.' तुझ्या नावामुळे त्यांना तू कुणी वयोवृद्ध वाटायचास. तुला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

मग तू दुरुस्तीचा मजकूर हाताने लिहून नगरला घेऊन आलास. एसटीने. कागद माझ्याकडे आहे. तो असा:

'मी कोणत्याही नव्या ताऱ्याचा शोध लावलेला नाही. माझ्या गणितात एक माहीत असलेला स्रोत माझ्याकडून वगळला गेला होता. तो धरला असता माझा निष्कर्ष टिकत नाही. चूक माझी आहे, बातमीदाराची नाही.'

शेवटचं वाक्य वाचून मी म्हणालो, हे काढू या, बातमी मीच फुगवली. तू म्हणालास, "तुझी चूक वेगळी, माझी वेगळी. तुझी तू छाप. ही माझी."

मी कागद संपादकांकडे नेला. त्यांनी वाचला.

"सत्काराचा फोटो आपण केवढा छापला होता?"

"चार कॉलम."

"आणि आता काय छापायचं? शाल परत घ्या?"

संपादकांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"विज्ञानातली दुरुस्ती कोण वाचतो? मागितलीय कुणी?"

"त्यानेच."

"मग तो समंजस माणूस आहे," संपादक म्हणाले. "थांबेल."

तू थांबलास. पहिल्यांदा विचारलंस फोनवर. दुसऱ्यांदा नगरला, स्टँडसमोर. तिसऱ्यांदा एका लग्नात, ताट हातात घेऊन रांगेत उभे असताना. "लागली का?" "लावतो." "बरं." चौथ्यांदा तू विचारलं नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मध्यंतरी जिल्ह्याचं नाव बदललं. आमच्या डेस्कवर निरोप आला की आजपासून प्रत्येक बातमीच्या सुरुवातीला अहिल्यानगर असेल. एका दिवसात झालं. साचे बदलले, याद्या बदलल्या, जुने संक्षेप बदलले. संध्याकाळपर्यंत एकही चूक राहिली नाही. तुझ्या तीन ओळी तेव्हाही माझ्या टेबलाच्या खणात होत्या. म्हणजे सवड नव्हती किंवा यंत्रणा नव्हती, असं मला म्हणता येणार नाही.

स्टाफरूममध्ये तुला 'तारेवाले सर' म्हणू लागले होते. आधी कौतुकाने. पुढे काहीच छापून येईना तेव्हा दुसऱ्या सुरात. "काय तारेवाले, दुसरा कधी?" तुझ्या बायकोने, मंगलवहिनींनी, मला हे तू गेल्यावर सांगितलं. तू मला सांगितलं नव्हतंस. आपण भेटायचो तेव्हा उसाच्या तोडणीबद्दल बोलायचो, रस्त्याच्या कामाबद्दल बोलायचो, माझ्या रक्तदाबाबद्दल बोलायचो. गॅमा किरणांचा विषय तू काढत नव्हतास आणि मी टाळत होतो. त्यामुळे चहाच्या टपरीवरचा आपला वाद जिथे थांबला होता तिथेच राहिला. तू बरोबर होतास, हे मी तुला म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली होती, तेवढी बरी झाली. पाथर्डी तालुक्यात रोहित्रातली तांब्याची तार चोरीला गेली. पोलिसांनी एका वायरमनचं नाव दिलं. आमच्या स्पर्धक दैनिकाने ते छापलं. मी अधिकाऱ्यांना विचारलं, तुमच्या यादीत आणखी कोण कोण होतं? ते म्हणाले, यादीत दोनच नावं होती, दुसरा त्या दिवशी गावात नव्हता. मी म्हटलं, म्हणजे उरला म्हणून हा? ते चिडले. मी नाव छापलं नाही. पंधरा दिवसांनी चोर सापडले, भलतेच, परजिल्ह्यातले. वायरमन पिशवीभर सीताफळं घेऊन कार्यालयात आला आणि माझ्या पाया पडायला लागला. तुला फोन करून हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "सीताफळं आबांना पाठव. पद्धत त्यांची आहे." मी पाठवली. तीस वर्षांच्या नोकरीत जेवढं शहाणपण माझ्या हाती लागलं, त्यातलं बरंचसं त्या बाजारातल्या अर्ध्या तासातलं आहे. ते मी अनोळखी माणसासाठी वापरलं. तुझ्यासाठी वापरलं नाही.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. दुरुस्ती न लागण्याचं संपादक हे अर्धंच कारण होतं. उरलेलं कारण मी होतो. मला मनातून वाटत होतं की तू पुढेमागे खरा ठरशील. दुर्बीण अजून फिरते आहे. नवे फोटॉन येतील, दीर्घिकेचा वाटा वाढेल आणि माझी बातमी उशिराने का होईना खरी होईल. मग दुरुस्तीची गरजच उरणार नाही. मी तुझ्या यशाची वाट पाहत होतो असं मला वाटायचं. मी माझ्या मथळ्याची वाट पाहत होतो.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मंगलवहिनींनी तुझा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, यातलं कॉलेजचं काही असेल तर बघा, परत करायला हवं." डस्टर अजून त्याच्याखाली चिकटलेले होते. तू काम सोडलं नव्हतंस. दर वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, नव्या नोंदी घालून तू तेच गणित पुन्हा चालवत होतास. शेजारी उघडा ठेवून. सहा वर्षांच्या सहा फायली एकाखाली एक होत्या. मला त्या वाचता येतील एवढं तू शिकवलं होतंस.

त्या दोन फोटॉनांपुढचा तुझ्या दीर्घिकेचा वाटा दर वर्षी कमी होत गेला आहे. निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर, तिथून आणखी खाली. शेवटच्या, यंदाच्या फायलीत तो जवळपास शून्य आहे. एक फोटॉन शेजाऱ्याकडे गेला आणि दुसरा पार्श्वभूमीत, म्हणजे कुणाचाच नाही अशा उजेडात. फायलीच्या तळाशी तू स्वतःसाठी एक ओळ लिहिली आहेस: 'इथे काही नाही. पुन्हा चालवायची गरज नाही.'

तारीख तू जाण्याच्या तीन आठवडे आधीची आहे. त्या ओळीचा तुझ्या जाण्याशी संबंध जोडायचा मोह मला झाला. जोडत नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं आहे. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

मी लॅपटॉप बंद केला आणि वहिनींना सांगितलं की आता तरी दुरुस्ती लावतो, निधनाच्या बातमीचीही आणि जुन्या बातमीचीही. संपादक नवे आहेत, ऐकतील.

"मला माहीत आहे सगळं," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण फाट्यावरचा फ्लेक्स पाहिलात ना?"

पाहिला होता. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या जिथे वळतात तिथे कॉलेजने लावला आहे. तुझा फोटो, मागे निळं आकाश, त्यात एक मोठा चमकता तारा. खाली 'ताऱ्याचा शोध लावणारा तारा निखळला'.

"आबा रोज सकाळी तिथवर चालत जातात," वहिनी म्हणाल्या. "बघतात आणि परत येतात. मुलगा गेला, भाऊजी. आबांच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. त्यांच्याकडे आता तेवढंच आहे. पेपरात उलटं छापून आलं तर कुणीतरी वाचून दाखवणारच त्यांना. हात लावू नका त्याला."

मी म्हणालो, पण राव्याने मागितलं होतं.

"त्यांनी तुमच्याकडे मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिलं असतं तर चाललं असतं."

दुरुस्तीची एक मुदत असते. ती उलटली की तीच दुरुस्ती दुसऱ्या कुणाला तरी इजा करते. नोकरीत हे मी इतरांना अनेकदा सांगितलं आहे.

हा मजकूर आमच्या दैनिकात येणार नाही. एका लहान मासिकाने जागा दिली आहे. वहिनींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, आबांच्या हाती पडणार नसेल तर लिहा. पडणार नाही. ते मासिक तुझ्या गावात येत नाही. म्हणजे तुझी दुरुस्ती अखेर छापली जाते आहे, आणि ज्या लोकांनी चूक वाचली त्यांच्यापैकी कुणीही ती वाचणार नाही. माझी दुरुस्ती वेगळी, ती तू मला छापायला सांगितली होतीस. ती अशी: बातमीतला 'तारा' हा शब्द आणि 'शोधला' हे क्रियापद माझं होतं. प्रा. रावसाहेब यांनी दोन्हींपैकी काहीही म्हटलं नव्हतं.

दहाव्याच्या संध्याकाळी सगळे पाहुणे गेल्यावर मी अंगणात आबांपाशी बसलो होतो. ऊन नुकतंच गेलं होतं. आकाशात तीन-चार चांदण्या दिसायला लागल्या होत्या. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एकाचं ऑपरेशन तू दिवाळीनंतर करणार होतास. ते बराच वेळ वर बघत होते.

"शरद," ते म्हणाले, "आपल्या रावसाहेबाचा त्यो कुटला रं?"

तुझी दीर्घिका या महिन्यात सूर्याच्या आधी मावळते. त्या वेळी ती क्षितिजाखाली होती. वर असती तरी कुठल्याही माणसाच्या डोळ्याला दिसली नसती. आणि तिच्याकडून आलेला एकही गॅमा फोटॉन सापडलेला नाही, हे तू स्वतः लिहून ठेवलं आहेस. हे सगळं मला माहीत होतं. निदान दिसत नाही एवढं तरी सांगावं म्हणून मी हात वर केला.

"आबा, तो…"

"हां, हां." त्यांनी माझ्या हाताच्या रेषेत मान वळवली. डोळे बारीक केले. "दिसला. लई बारीक हाय. पन हाय."

मी हात तसाच धरून ठेवला.

"त्योच ना?"

"तोच, आबा," मी म्हणालो.